आहेर नको, पुस्तक चालेल

"काय गं, नणंदेकडची मुंज कधीची ठरली?"

मेंदीच्या कुंपणापलीकडे काकू कुरडया उलथत होत्या. नजर कुरडयांवर, कान आमच्या घरावर. पत्रिका आदल्या संध्याकाळी आली होती आणि मी ती अजून कुणाला दाखवलीही नव्हती. वाईत हे असं चालायचंच.

"पुढच्या महिन्यात, काकू. पुण्यातच आहे. पण पत्रिकेत खाली छापलंय, कृपया आहेर आणू नये, पुस्तक दिल्यास आनंद होईल."

"झालं! म्हणजे बटूला 'श्यामची आई' सात वेळा आणि 'एक होता कार्व्हर' पाच वेळा." काकू कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "वाईट नाहीत गं पुस्तकं. कार्व्हर तर आमच्या घरात पारायणं करकरून खिळखिळं झालंय. गुलाम बाईचं पळवून नेलेलं तान्हं पोर, घोडा देऊन सोडवून आणलेलं, आणि तेच पुढे भुईमुगाचा एवढा मोठा शास्त्रज्ञ होतं. वीणाताई गवाणकरांनी लिहिलंयही असं की हातातून सुटत नाही. पण सगळ्यांनी तेच दिलं की पोराच्या लेखी ते पुस्तक राहत नाही, लग्नात आलेला स्टीलचा डबा होतो."

"१९८१," व्हरांड्यातून काकांचा आवाज आला. "राजहंसनं काढलं."

काकांची सगळी नोकरी विश्वकोशात गेली. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला, त्यानंतर दोन वर्षांनी ते तिथं लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथंच. तेव्हापासून घरात कुणी काही बोललं की काका त्याला साल जोडतात. जावयाच्या सुरुवातीच्या भेटीत त्यांनी त्याला गावाची नोंदच ऐकवली होती म्हणे. काकू मात्र खंडांत रमल्या नाहीत. त्यांचा मुक्काम गावातल्या ग्रंथालयात, कादंबऱ्यांपासून सुरू झाला तो ग्रहताऱ्यांपर्यंत गेला. कोणी कुणाला कुठलं पुस्तक दिलं, त्याचं पुढे काय झालं, याची सगळी माहिती काकूंकडे असते आणि ती विचारावी लागत नाही.

"कोपऱ्यावरच्यांनी काय केलं माहितीये ना?" काकू कुंपणाजवळ सरकल्या. "आमच्या नातीला दहावीला पुस्तक दिलं. कागद काय चकचकीत, वर फीत. उघडलं तर पहिलं पानच नाही! ब्लेडनं कापलेलं, अगदी सफाईनं. पण शाई ओली असताना पुस्तक मिटलं होतं बहुतेक. समोरच्या पानावर ठसा उमटलेला, उलटा. नातीनं आरसा धरला. 'चि. सौ. कां. हिस साखरपुड्यानिमित्त.' आता सांग, सौरमालेचं पुस्तक साखरपुड्याला कुणी देतं का?"

मला तर वाटलं, द्यायला हरकत काय? पण बोलले नाही.

"तर तुझ्या भाच्याचं सांग. मुलगा कसा आहे?"

"हुशार आहे, काकू."

"मुंजीपर्यंत सगळेच हुशार असतात. बोलणी कशावरून खातो ते सांग."

हा प्रश्न मात्र चांगला होता. मी जरा आठवलं. परवाच नणंद फोनवर रडकुंडीला आली होती, पोरानं मिक्सर उघडून ठेवला आणि परत लावताना दोन स्क्रू उरले. शिवाय सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज त्याला पाठ. कुणाची गाडी आली की नाव सांगत नाही, 'एकोणीसवाले काका आले' म्हणतो.

"मग काम झालंच की. लोक काय करतात, देणाऱ्याला शोभेल ते पुस्तक घेतात. घेणाऱ्याच्या डोक्यात कसला किडा वळवळतोय ते बघतच नाहीत. तू याला 'गणितगप्पा' दे. मंगलाताई नारळीकरांचं. नावातच गप्पा आहेत, परीक्षेचा वास नाही."

"नारळीकर म्हणजे जयंतरावांच्या..."

"त्यांच्या कशाला? स्वतःच्याच!" काकूंचा आवाज चढला. "टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गणिताचं संशोधन करत होती ती बाई. मग लग्न, केंब्रिजचा संसार, तीन मुली. आणि एवढं सगळं झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसून पीएचडी केली."

"१९८१," काका.

"कार्व्हरचं साल सांगून झालं तुमचं."

"पीएचडीचंच सांगतोय. तेही एक्क्याऐंशीच."

काकूंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "आणि जयंतरावांच्या पहिल्या गोष्टीची गंमत ऐकलीस का? मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा लावली होती, चौऱ्याहत्तर साली. हे गृहस्थ तेव्हा केवढे नावाजलेले. स्वतःच्या नावानं पाठवली तर परीक्षक नाव बघून बक्षीस देतील, असं यांच्या मनात. म्हणून नाव घेतलं नारायण विनायक जगताप. ज, वि, ना ही आद्याक्षरं उलटी लावली. अक्षरही कुणी ओळखू नये म्हणून गोष्ट लिहून कुणाकडून घेतली? बायकोकडून. 'कृष्णविवर' नाव गोष्टीचं. पहिलं बक्षीस मिळालं!"

ही हकिकत काकू अशा रंगवून सांगतात की जणू पाकिटावर तिकीट त्यांनीच चिकटवलं. पण खरी आहे. आणि मला वाटतं, नारळीकरांच्या कथा, 'यक्षांची देणगी' वगैरे, मुलांना देताना ही हकिकत आधी सांगावी. टोपणनावानं स्पर्धेत उतरलेला शास्त्रज्ञ मुलांना लगेच आपला वाटतो. सही मागायला आलेल्या पोरांना ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. असा माणूस २०२५ च्या मे महिन्यात गेला, तेव्हा कितीतरी घरांत जुनी पोस्टकार्डं बाहेर निघाली असतील.

"पण काकू, त्या आकड्यांच्या भानगडीत मंगलाताईच होत्या ना?"

हे मी बोलायला नको होतं. व्हरांड्यातली खुर्ची करकरली आणि काका वर्तमानपत्र घेऊन स्वतःच कुंपणाशी आले.

२०१९ मध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं छापलं होतं. महाराष्ट्रात गहजब झाला. वर्तमानपत्रांत अग्रलेख, व्हॉट्सॲपवर विनोद, विधिमंडळातही टोलेबाजी. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगलाताई. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर बोलतात, लिहिण्याचा क्रमही तोच. आपल्याकडे मूल 'त्रेसष्ट' ऐकतं तेव्हा तीन आधी कानावर पडतो आणि लिहिताना सहा आधी. कच्च्या मुलांचा तिथंच गोंधळ होतो. जुनी नावं काढून टाका असं त्या म्हणत नव्हत्या, पुस्तकात दोन्ही होतीच.

"भाषेची मोडतोड आहे ही," काका म्हणाले. "त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट. काय लय आहे! पिढ्यान् पिढ्या पाढे म्हटले ना लोकांनी?"

"म्हटले, आणि निम्मे नापास झाले. आपल्या नातीला एकोणसाठ लिहायला सांगा. साठ ऐकून सहाच लिहिते आधी."

"इंग्रजी शाळेत घातल्यावर दुसरं काय होणार?"

त्या वर्षी या विषयावरून दोघांचा अबोला झाला होता आणि भाजीवाल्याला निरोप्याचं काम करावं लागलं होतं, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. मला विचाराल तर मी काकूंच्या बाजूची. पण ते बोलून दाखवलं असतं तर काकांनी फाटक उघडून मला आत बसवून घेतलं असतं. म्हणून मी म्हटलं, "भाच्याला आवडेल हो 'गणितगप्पा'. पण त्याचे हात कुठे स्वस्थ असतात?"

"मग हाताला काहीतरी दे. अरविंद गुप्तांचं पुस्तक दे, त्यांची मराठीतही आलीत. आणि नुसतं पुस्तक नको. सायकलच्या दुकानातून वीतभर व्हॉल्व्हट्यूब आण आणि काडेपेट्यांचा एक पुडा. ते सगळं मिळून बांध." काकूंनी लगेच कुंपणावरच्या दोन वाळक्या काटक्या मोडल्या. "व्हॉल्व्हट्यूबचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा कापायचा, दोन्ही टोकांतून काड्या घुसवायच्या, झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण कर, कितीही दाब, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन कर, बोट लावलं की लोळण घेतो. मग त्यात तिरकी पाचवी काडी टाक, ताठ उभा! विजेच्या मनोऱ्यांना तिरक्या पट्ट्या का असतात ते पोराला कुणी सांगावं लागत नाही."

गुप्ता मूळचे कानपूरच्या आयआयटीतले इंजिनियर. चांगली कारखान्यातली नोकरी सोडून कचऱ्यातून खेळणी करायला लागले, पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवलं आणि पुस्तकं नेटवर फुकट ठेवली. काडेपेट्या मुंजीच्या आहेरात देणं आमच्या सासूबाईंना रुचेल का, ही एक वेगळी अडचण. पण मिक्सर वाचेल, हे नणंदेला पटवता येईल.

"काडेपेटी रिकामी करून दे हो," काका म्हणाले. "गुल असलेल्या काड्या नको देऊस. नाहीतर मांडव पेटायचा."

एवढ्यात मागच्या बंगल्यातले भाऊजी टोपी घालून त्यांच्या जास्वंदीपाशी उकिडवे बसलेले दिसले. हातात भिंग. काकूंनी डोळ्यांनीच मला खूण केली आणि आवाज खाली आणला.

"बघितलंस? ही माझी करामत. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्यांनी यांना हॉकिंगचं पुस्तक दिलं, 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम'. इंग्रजीतलं. हॉकिंगला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, पुस्तकात जितकी समीकरणं घालशील तितक्या वेळा खप निम्मा होईल. म्हणून त्यानं एकच घातलं. तरी भाऊजी काही त्या एकापर्यंत पोचले नाहीत. अजून दिवाणखान्यात दर्शनी ठेवलंय, खूण पहिल्याच प्रकरणात. आलं-गेलं बघतं, विचारतं, हे कानकोंडे होतात. म्हणजे आहेर दिला का शिक्षा?"

"मग भिंग कुठून आलं?"

"यांचं मुंग्यांशी वैर. सकाळी हळद टाकतील, दुपारी पावडर, संध्याकाळी शिव्या. म्हटलं, रोज ज्याच्याशी भांडताय त्याच्याविषयी वाचा तरी. वाढदिवसाला 'वारूळ पुराण' दिलं, नंदा खरे यांचं. बारीकसं पुस्तक आहे, धाक वाटत नाही. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एके दिवशी इथं येऊन मलाच सांगतात, वहिनी, वारुळातल्या कामकरी मुंग्या सगळ्या बायका असतात बरं का! म्हटलं, त्यात नवल ते काय? आता जास्वंदीवरचा मावा काढू देत नाहीत. मुंग्या मावा पाळतात, त्याचा गोड रस पितात, त्याची राखण करतात, ते बघायचं असतं यांना. बायको वैतागली आहे, देवाला एक फूल धड मिळत नाही."

"खरे नागपूरचे," काकांनी मान हलवली. "पेशानं बांधकामाचे इंजिनियर. 'उद्या' कादंबरीला साहित्य अकादमी जाहीर झाली तर नको म्हणाले. आता असा माणूस..."

"तुम्ही ते ओलं वाळवण जरा उन्हात सरकवा बरं."

काका गेले. मी म्हटलं, "काकू, विज्ञानाचं झालं. नणंदेच्या जावेला पण काहीतरी न्यायचंय. तिला भाषेची आवड आहे. इंदूरकडची आहे."

"जपून हं. भाषेचं पुस्तक देणं म्हणजे जोखमीचं काम." काकूंना बहुतेक याचीच वाट होती. "आपल्या पाणवठ्याकडच्या बाईंची सूनही इंदूरचीच. मराठी कशी गोड बोलते, जरा हिंदीचा हेल, एवढंच. सासूनं काय करावं? पाडव्याला साडीवर ठेवून शुद्धलेखनाचं पुस्तक दिलं! तेही चारचौघांत. सून हसली, पाया पडली, काही बोलली नाही. पण चिकाटीची निघाली. पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं. आणि मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सासूचा प्रत्येक निरोप दुरुस्त करून परत टाकायला लागली. 'पाणि आले' असं आलं की खाली 'पाणी'. 'दुध संपले', खाली 'दूध'. आता सासूबाई फक्त अंगठा पाठवतात."

मी इतकी हसले की आमचे हे खिडकीतून डोकावले.

"अशीला कालेलकर द्यावेत," परत आलेले काका म्हणाले, आणि या वेळी काकूंनी त्यांना थांबवलं नाही. "ना. गो. कालेलकर. 'भाषा : इतिहास आणि भूगोल'. अकादमी मिळाली त्याला, १९६७ ची. भाषा कशी बदलते, बोली कशा पसरतात, हे किती सोप्या मराठीत सांगितलंय. इंदूरची बोली चुकीची नाही, ती तिथली आहे, हे त्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं की नको?"

हे मला फार पटलं. व्याकरणाची पुस्तकं, कोश, लेखनाचे नियम, ज्यानं त्यानं आपली आपण विकत घ्यावीत. दुसऱ्यानं भेट दिली की त्यातून 'तुला येत नाही' एवढंच ऐकू येतं. यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' माझ्या टेबलावर रोज असतो, पण तो मला कुणी दिला असता तर मी वर्षभर त्या माणसाकडे चहाला गेले नसते.

"पण काकू, तुम्ही लेकीला न्यूजर्सीला मोल्सवर्थ दिलात ना? तो कोशच."

"तिनं मागितला म्हणून दिला. आणि काय महाभारत झालं! बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. मोल्सवर्थ ठेवला तर लोणचं बसेना. जावई म्हणाला, आई, हा शब्दकोश शिकागो विद्यापीठानं नेटवर फुकट ठेवलाय, कशाला ओझं? ते खरंच आहे. पण मोबाइलवर शब्द शोधला की तेवढा तो शब्द दिसतो. कोश उघडला की शेजारचे चार फुकटात वाचून होतात. शेवटी लोणचं अर्धं काढलं."

"१८३१ ची पहिली आवृत्ती," काका म्हणाले. "पण घ्यायची ती १८५७ ची, दुसरी. तीच पुन्हा छापून निघाली."

"आणि जावयाला?" जावई तिकडचाच आहे, मराठी 'बास' आणि 'आणखी' या दोन शब्दांपलीकडे नाही.

"त्याला 'हॉब्सन-जॉब्सन'. इंग्रजांनी आपल्याकडून उचललेल्या शब्दांचं एवढं जाडजूड बाड. १८८६ चं, हे मीच सांगते, तुम्ही गप्प बसा." काकांनी तोंड मिटलं. "मोहरमच्या ताबुतात 'या हसन, या हुसेन' ओरडतात ना, ते गोऱ्या शिपायांच्या कानांनी ऐकलं आणि त्याचं झालं हॉब्सन-जॉब्सन. तेच नाव पुस्तकाला. तो रोज जेवताना एक शब्द वाचून दाखवतो म्हणे. लेक कंटाळली, पण नातवंडं हट्टानं ऐकतात."

ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. मी विचारलं, "दुकानात उभं राहून चांगलं-वाईट कसं ओळखायचं? सगळ्यांची मुखपृष्ठं सारखीच. एक आकाशगंगा, एक भिंग, एक आईनस्टाईन."

"मलपृष्ठ वाचू नकोस, तिथं सगळेच महान असतात. मधलंच पान उघड आणि ओठ हलवून वाच. दुसऱ्या ओळीला जीभ अडखळली की खाली ठेव. विशेषतः भाषांतरं. पाचपाच ओळींचं वाक्य, शेवटी क्रियापद, आणि तोवर कर्ता हरवलेला. मूळ पुस्तक कितीही नावाजलेलं असो, आपल्या पोरांनी हे का सोसायचं?"

"पारिभाषिक शब्दांना घाबरून चालत नाही," काका म्हणाले.

"शब्दांना नाही हो घाबरत कुणी. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'त झाडांची, फुलांची किती नावं आहेत! मला निम्मी माहीत नव्हती. अडलं का कुठे? उलट महिना बदलला की त्या महिन्याचं प्रकरण काढायचं आणि अंगणात जाऊन ताळा करायचा." काकू थांबल्या. "माझी प्रत एका बाईंनी व्याख्यानमालेच्या मांडवात मागून नेली. तिसरा वसंत चाललाय. रोज देवळात भेटतात, पुस्तकाचं नाव काढत नाहीत. तू अप्पा बळवंत चौकात जाणारच आहेस, तर मला एक आण. पैसे आत्ताच देते. आणि सवलत मागून घे, बोलल्याशिवाय देत नाहीत. फेब्रुवारीत घेतली असतीस तर बरं होतं, सत्तावीसला मराठी दिन, अठ्ठावीसला विज्ञान दिन, दोन्हीकडून सवलत मिळते."

"पहिल्या पानावर काय लिहू? चि. बटूस वगैरे?"

"लिही की. पण पेन्सिलीनं लिही."

"काकू!"

"अगं, गंमत. शाईनंच लिही, फक्त वाळू दे." त्यांनी पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि कुंपणावरून माझ्या हातात ठेवल्या. "आणि हे बघ, ते 'गणितगप्पा' लगेच कागदात गुंडाळू नकोस. आधी इकडे आण. मी चार पानं बघीन, डाग नाही पाडणार."

"म्हणजे मला मुंजीआधी आठवडाभर पुण्याला जायला हवं."

"जा की. एसटी दर अर्ध्या तासाला आहे."

मी वळणार एवढ्यात वर्तमानपत्राआडून काका म्हणाले, "दोन भाग आहेत त्याचे. दोन्ही आण. मुंजीला एकच दिलास तरी चालेल."